कानावर पडलेली प्रार्थना

जून 2011 मध्ये अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या स्टॅमफर्ड शहरात एव्हॉन थिएटरने आपल्या प्रेक्षकांसाठी एक सूचना लावली. आदल्या शनिवार-रविवारी आलेल्या प्रेक्षकांत सरळसरळ दोन तट पडले होते, काहींनी तक्रारी केल्या होत्या; म्हणून चित्रपटगृहाला काही गोष्टी आधीच सांगून टाकायच्या होत्या. हा चित्रपट नेहमीसारखी सरळ रेषेत जाणारी गोष्ट सांगत नाही, येण्याआधी त्याच्याविषयी थोडं वाचा, मन मोकळं ठेवून बसा, आणि तिकीट काढलंत की पैसे परत मिळणार नाहीत. या महत्त्वाकांक्षी कलाकृतीच्या पाठीशी आपण उभे आहोत, असंही चित्रपटगृहाने त्यात ठामपणे म्हटलं होतं. चित्रपट होता टेरेन्स मलिक यांचा ‘द ट्री ऑफ लाइफ’. एव्हॉन हे कलात्मक चित्रपट दाखवण्यासाठीच ओळखलं जाणारं चित्रपटगृह आहे. पोस्टरवर ब्रॅड पिटचं नाव वाचून काही जण आत आले असतील, हे मान्य. पण तिथला नेहमीचा प्रेक्षक काही मारधाडीच्या ओढीने येणारा नव्हे. अशा ठिकाणीही लोकांना पैसे परत मागावेसे वाटले, तर त्यांना नेमकं काय मिळालं नाही, हे नीट पाहायला हवं.

त्याआधी महिनाभर कान महोत्सवात हेच घडून गेलं होतं. 16 मे 2011 रोजी समीक्षकांसाठी झालेल्या खेळाच्या शेवटी काहींनी हुर्यो उडवली, काहींनी टाळ्या वाजवल्या, आणि दोन्ही आवाज एकाच प्रेक्षागृहातून आले. सहा दिवसांनी रॉबर्ट डी नीरो यांच्या अध्यक्षतेखालच्या परीक्षक मंडळाने याच चित्रपटाला ‘पाम दॉर’ हा सर्वोच्च सन्मान दिला. मुलाखती न देणारे, समारंभ टाळणारे मलिक तो घ्यायला मंचावर आले नाहीत; निर्मात्यांनी तो स्वीकारला. अशा वेळी एक तयार स्पष्टीकरण हाताशी असतं : ज्यांना कळलं त्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांना कळलं नाही त्यांनी हुर्यो केली. चित्रपटाच्या चाहत्यांना हे स्पष्टीकरण आवडतं. मला ते चुकीचं वाटतं, आणि चित्रपटाचं नुकसान करणारंही. कानच्या त्या प्रेक्षागृहात बसलेल्यांचं आयुष्य अवघड चित्रपट पाहण्यात गेलेलं होतं. मुळात या चित्रपटात न कळण्यासारखं फारसं काही नाही. 1950 च्या दशकातलं टेक्सासमधलं वेको शहर, ओब्रायन नावाचं कुटुंब, कडक वडील, मायाळू आई, तीन मुलगे. मधला मुलगा पुढे 19 व्या वर्षी मरतो, आणि थोरला जॅक प्रौढपणी, काचेच्या उंच इमारतींत वावरताना, ते बालपण आठवत राहतो. एवढी गोष्ट कुणालाही कळते. तेव्हा प्रेक्षकांत जी फूट पडली ती कळण्या-न कळण्यावरून पडलेली नाही.

ती पडली, असं मला वाटतं, बोलण्याच्या रोखावरून. गोष्ट सांगणारा ऐकणाऱ्याकडे तोंड करून बोलतो. हा काय सांगेल याची उत्सुकता ऐकणाऱ्याला असते, आणि याला कंटाळा तर येत नाही ना, याची काळजी सांगणाऱ्याला असते. चित्रपट पाहायला आलेला माणूस हा व्यवहार गृहीत धरूनच तिकीट काढतो. ‘द ट्री ऑफ लाइफ’मधली माणसं मात्र आपल्याकडे तोंड करून बोलतच नाहीत. या चित्रपटात समोरासमोरचे संवाद थोडे आहेत आणि पडद्यामागून येणारी कुजबुज पुष्कळ. ती कुजबुज लक्ष देऊन ऐकली, तर तिच्यातला बराच भाग कुणाला तरी उद्देशून आहे. सुरुवातीलाच जॅकचा आवाज येतो, आणि आई व भावानेच आपल्याला ‘तुझ्या’ दाराशी आणून सोडलं, असं तो म्हणतो. ‘तुझ्या’ म्हणजे कुणाच्या, हे चित्रपट सांगत नाही. पुढे आई देवाला विचारते, जॅक देवाला विचारतो, कधी आई-वडिलांना उद्देशून बोलतो. प्रेक्षकाला उद्देशून जवळपास कुणीच बोलत नाही. अमेरिकेचे ज्येष्ठ समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मे 2011 मध्येच या चित्रपटावर लिहिताना आपल्या लेखाच्या शीर्षकातच ‘प्रार्थना’ हा शब्द वापरला. माझं म्हणणं त्या शब्दाच्या एक पाऊल पुढे जातं. प्रार्थनेला श्रोता असतो, पण तो आपण नसतो. दुसऱ्याची प्रार्थना आपल्या कानावर पडते. कानावर पडलेलं ऐकत थांबायचं, की हे आपल्यासाठी नाही म्हणून उठून जायचं, या प्रश्नापाशी प्रेक्षक वेगळे झाले.

मराठी वाचकाला ही गोष्ट चटकन पटावी, कारण आपल्या भाषेतलं एक फार मोठं काव्य असंच कानावर पडलेलं आहे. संतांचे करुणापर अभंग आपल्याशी बोलत नाहीत. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, जनाबाई त्याच्यावर रागावते, नामदेव त्याच्यापाशी हट्ट धरतो. आपण बाजूला उभे असतो. कीर्तनात बुवा तेच अभंग घेऊन आपल्याकडे वळतात, निरूपण करतात, आख्यान लावतात, तेव्हा कुठे बोलण्याचा रोख श्रोत्यांकडे होतो. मलिक यांनी बुवांची ही जागा रिकामी ठेवली आहे. पूर्वरंगात तत्त्वचिंतन आणि उत्तररंगात कथा अशी चित्रपटाची ढोबळ मांडणी दिसतेही. पण दोहोंना जोडून देणारा, ‘म्हणून मंडळी’ असं म्हणणारा कुणी नाही. एव्हॉन थिएटरची ती सूचना म्हणजे दाराबाहेर झालेला बुवांचा छोटासा प्रयत्नच होता.

मराठीत आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसते, जी इंग्रजीत झाकून राहते. इंग्रजीत देव, आई, भाऊ आणि वडील या सगळ्यांसाठी एकच सर्वनाम आहे. या चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करायला बसलं, तर पहिल्याच वाक्याला निवड करावी लागेल. देवाला ‘तू’, आईला ‘तू’, भावाला ‘तू’. आणि त्या काळातल्या, त्या धाकाच्या घरातल्या वडिलांना? ‘तुम्ही’. ही भाषांतरकाराची किरकोळ अडचण नाही. चित्रपटाचा गाभाच इथे उघडा पडतो. ओब्रायन मुलांना बजावून सांगतो की मला लाडाच्या नावाने हाक मारायची नाही, ‘फादर’ म्हणायचं; उत्तर देताना ‘सर’ म्हणायचं. दार आपटलं म्हणून तो मुलाला ते पन्नास वेळा हळू लावायला लावतो. एकदा तो कामानिमित्त दूरच्या प्रवासाला जातो. त्या दिवशी घर मोकळा श्वास घेतं : मुलं दारं आपटत पळतात, आईच्या मागे पाल घेऊन धावतात, आई किंचाळते आणि हसते. आई सुरुवातीलाच जगण्याच्या दोन वाटा सांगते, एक निसर्गाची, स्वतःचंच रेटणारी. दुसरी कृपेची, सोसून घेणारी. इंग्रजी समीक्षेत या दोन वाटांवर पुष्कळ लिहिलं गेलं. मराठी कानाला त्या दोन वाटा म्हणजे ‘तुम्ही’चं घर आणि ‘तू’चं घर अशा ऐकू येतात. जॅकची सगळी ओढाताण या दोन घरांमधली आहे, आणि देवाला कोणत्या घरातला समजायचं हे त्याला आयुष्यभर ठरवता येत नाही.

बोलण्याचा हा रोख धरून पाहिलं, तर सर्वांत जास्त टीका झालेला भागही जागेवर बसतो. तार घेऊन आलेला माणूस दाराशी येतो. आई ती उघडते, वाचत दोन पावलं चालते आणि कोसळते. वडिलांना बातमी फोनवर मिळते, विमानाच्या घरघरीत. काय सांगितलं गेलं ते आपल्याला ऐकू येत नाही, फक्त त्यांचा चेहरा दिसतो. मुलगा कसा गेला, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. सांत्वनाला आलेली आजी म्हणते की अजून दोन मुलं आहेत ना तुला. मग आई देवाला विचारते : का? त्या वेळी तू कुठे होतास? आम्ही तुझे कोण? आणि पडद्यावर विश्वाची उत्पत्ती सुरू होते. तेजोमेघ, ज्वालामुखी, पाणी, पेशी, समुद्रातले जीव, डायनोसॉर. यातला बराच भाग डग्लस ट्रम्बुल यांच्या सल्ल्याने संगणकाऐवजी रंग, धूर, रसायनं आणि द्रवपदार्थ टाकीत सोडून, वेगवान कॅमेऱ्याने टिपला होता. ट्रम्बुल म्हणजे 1968 च्या ‘2001 : अ स्पेस ओडिसी’ची दृश्यं घडवणारे तंत्रज्ञ. बरोबर वाजतं पोलिश संगीतकार झ्बिग्न्येव प्रायस्नर यांचं शोकगीत, जे त्यांनी आपला मित्र, दिग्दर्शक क्षिश्तॉफ किश्लॉव्स्की यांच्या मृत्यूनंतर रचलेल्या रचनेतलं आहे.

हे सगळं मध्येच कशाला, हा प्रश्न वैतागून विचारला गेला. एका घरातल्या दुःखासाठी साऱ्या ब्रह्मांडाला कामाला लावणं म्हणजे अतिरेक, असा आक्षेप होता, आणि तो वरवरचा नाही. दिग्दर्शकाचा प्रमाणभाव सुटला, की एका आईचं रडणंही भव्यतेखाली दबून जाऊ शकतं. पण चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथातला उतारा येतो, तो विसरता कामा नये. ईयोबाची मुलंबाळं, धन, आरोग्य सगळं जातं, तो देवाला जाब विचारतो, आणि देव कारण सांगण्याऐवजी त्यालाच उलट विचारतो की मी जग उभारत होतो तेव्हा तुझा पत्ता कुठे होता. आईचा प्रश्न आणि ईयोबाला आलेला प्रश्न एकच आहे, फक्त दिशा उलटी. उत्पत्तीचा तो दीर्घ भाग म्हणजे आईला मिळालेलं उत्तर आहे, आणि ते उत्तर समाधान करत नाही. देवाने दुःखाचं कारण दिलं नाही, जगाचा पसारा दाखवला. ज्याला हा भाग आपल्याला दाखवलेला देखावा वाटला, त्याला तो लांबलेला वाटणं स्वाभाविक आहे. ज्याने तो आईला उद्देशून आलेला म्हणून ऐकला, त्याला त्यातली निष्ठुरताही दिसली. इतकं विराट उत्तर, आणि त्यात तिच्या मुलाचं नाव नाही.

डायनोसॉरच्या दृश्याचंही तसंच आहे. नदीकाठी एक जखमी प्राणी पडलेला असतो. दुसरा, शिकारी, येऊन त्याच्या डोक्यावर पाय दाबतो, मग पाय काढतो, पुन्हा ठेवतो, आणि त्याला तसंच सोडून निघून जातो. हे हास्यास्पद वाटलेले प्रेक्षक पुष्कळ होते. आता याच्या शेजारी तासाभराने येणारं एक दृश्य ठेवून पाहा. जॅकच्या हातात छऱ्यांची बंदूक आहे. तो धाकट्या भावाला नळीच्या तोंडावर बोट ठेवायला सांगतो. भाऊ ठेवतो, कारण याआधी एकदा जॅकने त्याला दिव्याच्या खोबणीत तार घालायला सांगितली होती आणि काही झालं नव्हतं. या वेळी जॅक चाप ओढतो. भाऊ कळवळतो, पळून जातो. नंतर जॅक त्याच्याकडे जातो, एक लाकडी फळी त्याच्या हातात देतो आणि मार म्हणतो. भाऊ ती उगारतो, पण मारत नाही. लहान जॅकची भूमिका करणाऱ्या हंटर मॅक्रॅकन या मुलाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसतं, त्यासाठी चित्रपटात एकही स्पष्टीकरणाचं वाक्य नाही. ताकद हातात असताना ती न वापरणं, ही गोष्ट पृथ्वीवर पहिल्यांदा केव्हा घडली असेल, हा प्रश्न त्या डायनोसॉरने विचारलेला असतो. मरणारा भाऊ हाच आहे. ज्याने मारलं नाही, त्याच्यासाठी जॅक आयुष्यभर कुजबुजतो आहे.

सर्वांत अडचणीचा आक्षेप घरातूनच आला. प्रौढ जॅकची भूमिका करणारे शॉन पेन यांनी त्याच वर्षी ‘ल फिगारो’ या फ्रेंच दैनिकाला सांगितलं की आपण वाचलेल्या पटकथांत ही सर्वांत भव्य होती, पण तिच्यातली भावना पडद्यावर सापडली नाही. अधिक स्पष्ट, रूढ कथनाने चित्रपटाचं काही बिघडलं नसतं. आणि आपण त्यात काय करत होतो हे आपल्याला अजून उमगत नाही. पेन बरोबर आहेत, असं मला वाटतं. निदान त्यांच्या वाट्याला आलेल्या भागापुरते. वेकोतला जॅक बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्याला दार असतं, फळी असते, शेजाऱ्याच्या घरातून चोरून नदीत फेकलेला झगा असतो. उंच इमारतीतल्या जॅकच्या बोलण्यामागे तसं काही नाही. तिथे कुजबुज सर्वसाधारण होते, आणि शेवटच्या समुद्रकिनाऱ्यावर, जिथे सगळे जिवंत-मृत भेटतात, ती जाहिरातीतल्या गोडव्याच्या फार जवळ जाते. दुसऱ्याची प्रार्थना आपल्याला तेव्हाच हलवते, जेव्हा तिच्यात त्याच्या घरातली भांडीकुंडी वाजत असतात. चाहत्यांनी हे कबूल केलं तर चित्रपट लहान होत नाही. उलट उरलेल्या भागाचं श्रेय नेमकं कशाला द्यायचं ते कळतं.

इटलीतल्या बोलोन्या शहरातून एक वेगळाच पुरावा आला. तिथल्या एका चित्रपटगृहात हा चित्रपट पहिल्या दोन रिळांची अदलाबदल होऊन काही दिवस दाखवला गेला, आणि प्रेक्षकांनी तो दिग्दर्शकाच्या शैलीचाच भाग मानला. विरोधकांच्या हातात याहून चांगलं हत्यार काय येणार? क्रम बदलला तरी फरक पडत नसेल, तर त्या क्रमाला अर्थ तो काय? पण क्रमाला अर्थ आहे. या चित्रपटाची सुरुवात तार, प्रश्न आणि उत्तर अशी बांधलेली आहे. ती रिळं उलटी लावली की हा दुवाच तुटतो. बोलोन्याच्या प्रेक्षकांचं चुकलं ते आदरामुळे. मलिक असेच, असं ते मनाशी धरून बसले होते, म्हणून कोण कुणाशी बोलतंय हे ऐकायचं त्यांनी सोडून दिलं. मध्यंतराआधी उठून जाणारा अधीर प्रेक्षक आणि काहीही मान डोलावून स्वीकारणारा भाविक प्रेक्षक, दोघांनीही ऐकलेलं नसतं. उठून जाणारा निदान तसं सांगतो. म्हणून नापसंतीच्या प्रामाणिक तक्रारीला मी आंधळ्या कौतुकापेक्षा जास्त किंमत देईन.

देव न मानणाऱ्याने यात काय ऐकायचं, असंही कुणी विचारेल. विठ्ठलावर श्रद्धा नसलेली कितीतरी मराठी माणसं भीमसेन जोशींचा अभंग ऐकताना गप्प होतात. कानावर पडलेल्या हाकेला दाद द्यायला हाक ज्याला मारली त्याच्यावर विश्वास असावा लागत नाही. शिवाय हा चित्रपट स्वतःच्या देवाला सोडत नाही. पोहायला गेलेला एक मुलगा बुडून मरतो, तेव्हा जॅक कुजबुजतो की तूच चांगला नाहीस, तर मी का चांगलं वागू. पुढे तो वडील मरावेत म्हणूनही देवाला विनवतो. गाडीखाली दुरुस्ती करत झोपलेले वडील आणि त्या गाडीचा जॅक, यांच्याकडे तो बघत राहतो, तेव्हा प्रेक्षागृहात श्वास रोखले जातात. ज्या प्रार्थनेत असलं काही मागितलं जातं, ती भाबड्यांसाठी नसते.

मग कोणताही संदिग्ध चित्रपट प्रार्थना म्हणून वाचवता येईल का? नाही. कसोटी पडद्यावरच आहे : कोण कुणाशी बोलतंय ते दाखवता येतं का, आणि ते नातं बदलत जातं का? वेकोत ते बदलतं. कारखाना बंद पडल्यावर पेटंटं, संगीत, मोठेपणाची स्वप्नं सगळी हातची गेलेला बाप मुलासमोर आपली हार मान्य करतो, आणि आपण आईपेक्षा वडिलांसारखेच आहोत, हे जॅक त्यांना सांगून टाकतो. ‘तुम्ही’च्या घरात पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं. मलिक यांच्या पुढच्या ‘टू द वंडर’ (2012) आणि ‘नाइट ऑफ कप्स’ (2015) या चित्रपटांत तीच कुजबुज आहे, तोच इमॅन्युएल लुबेझ्की यांचा तरंगता कॅमेरा आहे. पण बोलणाऱ्याच्या मागे घर नाही, आणि ‘द ट्री ऑफ लाइफ’ची बाजू घेणारे कितीतरी जण तिथे मागे सरले. शैली तीच असून दाद बदलली, याचा अर्थ ती दाद शैलीला नव्हती.

काळाने मतभेद मिटवला, असं म्हणता येत नाही. 2012 साली ऑस्करसाठी तीन नामांकनं मिळाली, पारितोषिक एकही नाही. त्याच वर्षी ईबर्ट यांनी ‘साइट अँड साउंड’च्या जागतिक पाहणीत आपल्या सर्वकालीन दहांमध्ये हा वर्षभरापूर्वीचा चित्रपट घेतला. 2016 मध्ये बीबीसीने 177 समीक्षकांची मतं घेतली, तेव्हा तो एकविसाव्या शतकातला सातवा श्रेष्ठ चित्रपट ठरला. मूळ लांबी 139 मिनिटं होती. 2018 मध्ये 188 मिनिटांची आवृत्ती आली. आजही तो अर्ध्यात बंद करणारे आहेत, आणि ते चुकतात असं म्हणायचा हक्क कुणाला नाही. दुसऱ्याचं बोलणं ऐकत थांबायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

थांबलेल्याला शेवटी एवढंच मिळतं : ज्या आईने तार वाचून ‘तू कुठे होतास’ असं विचारलं होतं, ती दोन्ही हात वर उचलते आणि आपला मुलगा त्याच ‘तू’च्या स्वाधीन करते. तिला कारण मिळालेलं नाही. प्रश्नाचं समाधान झालेलं नाही. तरी बोलणं तिने तोडलेलं नाही, आणि इतका वेळ ते ऐकणाऱ्याला आता कळतं की हा ‘तू’ बदलला नाही, ती हाक मारणारी बदलली. एव्हॉनच्या सूचनेत मन मोकळं ठेवा असं म्हटलं होतं. त्याऐवजी, आत एक बाई कुणाशी तरी बोलते आहे, हवं तर बसून ऐका, एवढं लिहिलं असतं, तर कदाचित पैसे परत मागायला तेवढे लोक आले नसते.